हॉलमधलं फर्निचर लावताना या चुका टाळा

पावसाळा सरला की कोल्हापुरात अनेक घरांत सोफा पुढे ओढला जातो आणि मागची अवस्था बघून हळहळ वाटते. कापडावर बुरशीचे ठिपके, प्लायची खालची कड फुगलेली. खरं तर ही चूक जूनच्या आधीच झालेली असते.

नैऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपतो. सोफा, दिवाण किंवा कपाट अशा भिंतीला चिकटवलं की मागे हवा खेळत नाही आणि ओल सुकत नाही. किमान चार बोटं जागा सोडा. शक्य असेल तर सोफ्यासाठी आतली, दोन खोल्यांमधली भिंतच घ्या. बुरशी धरलीच असेल तर सोफा बाहेर कडक उन्हात वाळवा आणि तिथंच ब्रशनं झाडा. घरात झाडलात तर ती सगळीकडे पसरेल. मग भिंतीकडे वळा. खिडकीच्या चौकटीची फट, वरची गच्ची, पलीकडच्या बाथरूमचा पाइप, यातलं पाणी नेमकं कुठून मुरतंय ते शोधा. त्याआधी भिंतीला नवा रंग देऊ नका, पैसे वाया जातात.

दुसरी चूक मापाची. दुकानाच्या मोठ्या जागेत तीन सीटर सोफा आटोपशीर वाटतो, पण घरी तो साडेसहा-सात फूट भिंत खातो. घ्यायच्या आधी तेवढ्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून वावरा. जिन्याचं वळणही मोजा. आमचा सोफा तिथंच अडकला होता. शेवटी पाय सोडवून वर चढवावा लागला.

सोफा आणि टीपॉयमध्ये दीड फूट, येण्याजाण्याच्या वाटेला अडीच-तीन फूट पुरे. टीव्ही खिडकीसमोर नको, काचेवर उजेड चमकतो.

पंचगंगेच्या पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी 2019 आणि 2021 चा पूर आठवावा. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, युनिट भिजलं की फुगतं, पुन्हा सरळ होत नाही. तिथं लोखंडी किंवा भरीव लाकडाचं, दोघांना उचलून माडीवर नेता येईल असंच सामान घ्या.

आणि गणपतीची जागा आधी ठरवा. गौरी-गणपतीत पाहुणे येणार, आरतीला सगळे उभे राहणार. तेव्हा त्या कोपऱ्यात जड शोकेस नको, सहज सरकवता येणाऱ्या दोन खुर्च्या असू द्या.