मीटर, डिझेलची वही आणि ओढा: ऑफिसचा कार्बन मोजताना शिकलेलं

मी मूळची अकाउंट्सची. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात खराडीतल्या एका आयटी कंपनीत बिलं पास करायचं काम करत होते. २०२२ च्या पावसाळ्यात साहेबांनी एक एक्सेल पाठवली आणि म्हणाले, "यातला पर्यावरणाचा भाग तुम्ही भरा, विजेची बिलं तुमच्याकडेच येतात." ती एक्सेल बीआरएसआरची होती, म्हणजे कंपनीची सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारी सांगणाऱ्या अहवालाची. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२१ मध्ये आणलेला हा अहवाल बाजारमूल्यानं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. आमची मूळ कंपनी त्या यादीत होती. अहवालात नऊ तत्त्वं आहेत, त्यातलं सहावं पर्यावरणाचं. तेव्हापासून मी हेच काम करते आहे.

आता कॉलेजातली मुलं-मुली विचारतात, "ताई, यात यायचं तर कुठला कोर्स करू?" कोर्सचं शेवटी सांगते. आधी काम कसं असतं ते सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

कंपनीमुळे किती कार्बन हवेत जातो हा हिशोब जगभर जीएचजी (हरितगृह वायू) प्रोटोकॉलच्या पद्धतीनं करतात. कंपनी स्वतः जे जाळते किंवा हवेत सोडते तो स्कोप १, म्हणजे जनरेटरचं डिझेल, एसीचा गळलेला गॅस. विकत घेतलेली वीज हा स्कोप २. बाकी सगळं स्कोप ३: लोकांचं येणं-जाणं, विमानप्रवास, खरेदी केलेला माल, कचरा. त्याचे १५ प्रकार आहेत. अकाउंट्सवाल्याला हे समजायला दोन दिवस पुरतात. मला वेळ लागला तो आकडा मुळात येतो कुठून हे समजायला.

आमचं ऑफिस भाड्याचं. महावितरणचं बिल बिल्डिंगच्या मालकाच्या नावावर येतं आणि आम्हाला दर महिन्याला रुपयांत एक रक्कम लावली जाते. त्यावर युनिट लिहिलेले नसतात. मी आमच्या मजल्याच्या सब-मीटरचे वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो मागवले, वजाबाकी केली, नऊ हजार युनिट आले. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडच्या विजेचा उत्सर्जन गुणांक जाहीर करतं, तो अलीकडे एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. गुणाकार केला, सहा टनांच्या आसपास आलं. साहेब खूश झाले.

बिल्डिंगचे इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. दुसऱ्या एका कामासाठी मी तळघरातल्या पॅनेल रूममध्ये गेले होते तेव्हा सहज त्यांना हा आकडा सांगितला. ते थांबले. "नऊ हजार वर्षाचे? अहो, एवढे तर दहा दिवसांत जातात." त्यांनी टॉर्च मारून मीटरखालची छोटी पट्टी दाखवली: सीटी २००/५. मोठा करंट सरळ मीटरमधून जात नाही. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, तो कमी करून मीटरला देतो, म्हणून मीटरवरच्या आकड्याला इथे ४० नं गुणायचं. माझे नऊ हजार म्हणजे खरे तीन लाख साठ हजार युनिट. सहा टन नाही, अडीचशे टन.

अकाउंट्सची असून मी साधा भागाकार केला नव्हता. वर्षाच्या रकमेला माझ्या युनिटनं भागलं असतं तर दर युनिटला चारशे रुपये आले असते आणि तिथेच चूक कळली असती. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा शिकवते: कुठलाही आकडा हातात आला की त्याला दुसऱ्या आकड्यानं भागून बघा. रुपये भागिले युनिट, युनिट भागिले चौरस फूट, डिझेल भागिले जनरेटर चाललेले तास. या भागाकारात खोटं टिकत नाही.

डिझेलचंही तसंच. मी खरेदीची बिलं बेरजेला धरत होते. पण बिल म्हणजे विकत घेतलेलं डिझेल, जळालेलं नव्हे. टाकीत वर्षाच्या सुरुवातीला किती होतं आणि शेवटी किती उरलं, हे जनरेटरजवळ खिळ्याला अडकवलेल्या वहीत असतं. ती वही वाचायची सवय लावा. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, डिपस्टिकचं माप आणि कारणाच्या रकान्यात 'लाइट गेली' किंवा 'टेस्टिंग'. एक लिटर डिझेल म्हणजे साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड.

आणि एसीचा गॅस. हा जवळजवळ प्रत्येक ऑफिसच्या पहिल्या हिशोबातून सुटतो. मेंटेनन्सवाला सर्व्हिस रिपोर्टवर 'गॅस टॉप-अप' एवढंच लिहून जातो. किती किलो, कुठला गॅस, काही नाही. आर-४१०ए या गॅसचा एक किलो हवेत गेला तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या चौथ्या अहवालातल्या गुणांकानुसार तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. पाच किलो गळती म्हणजे दहा टनांच्या वर, जवळजवळ ३,९०० लिटर डिझेल जाळल्यासारखं. मी करारात एक ओळ घालून घेतली: भरण्याआधी आणि नंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा आणि दोन्ही वजनं रिपोर्टवर लिहायची. वजन लिहायला लागल्यावर गळती कुठे आहे हे शोधायलाही त्यांनी सुरुवात केली. आधी नुसता गॅस भरून निघून जायचे.

आता कमी कसं करायचं. लोक लगेच सोलर, कार्बन क्रेडिट, झाडं लावणं यावर येतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी यातलं काही करू नये. आधी एका रविवारी दुपारी ऑफिसला जा.

मी गेले. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं, दिवे बंद होते आणि मीटर मात्र कामाच्या दिवसाच्या निम्म्याच्या आसपास फिरत होतं. मामांनी एकेक एमसीबी पाडत शोध घेतला. आमच्या हब रूममध्ये एकच सर्व्हर रॅक आहे. तिला थंड ठेवणारी हवा मोठ्या डक्टेबल एसीमधून यायची आणि त्याच डक्टवर शेजारचा ट्रेनिंग हॉल आणि निम्मा मजला होता. एका कपाटाएवढ्या रॅकसाठी आम्ही रात्रंदिवस, शनिवार-रविवार, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा रिकाम्या खुर्च्या गार करत होतो. हब रूमला दोन स्वतंत्र स्प्लिट एसी बसवले, आलटून-पालटून चालणारे, आणि डक्टेबलला टायमर लावला. वर्षभरात आम्ही केलेल्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त युनिट इथे वाचले.

तापमानाचा मुद्दा नाजूक आहे. एसीचं तापमान एक अंशानं वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो, आणि जानेवारी २०२० पासून नवे स्टार रेटिंगचे रूम एसी २४ अंशांवरच सुरू होतात. हे वाचून मी थेट २४ चा मेल पाठवला. दोन दिवसांत तक्रारींचा पाऊस पडला. मग जागेवर जाऊन बघितलं. पश्चिमेच्या काचेजवळ बसणारे दुपारी तीननंतर अक्षरशः भाजत होते आणि डिफ्यूझरखाली, म्हणजे छतातल्या गार हवेच्या जाळीखाली बसणाऱ्या मुली मे महिन्यात शाल घेऊन काम करत होत्या. एकाच आकड्यात दोन्ही माणसं सुखी होणार नव्हती. काचेला फिल्म लावली, डिफ्यूझरच्या झडपा फिरवून घेतल्या, चार डेस्क हलवले आणि मग २४ केलं. त्यानंतर कुणी बोललं नाही. माणसाला त्रास देऊन वाचवलेली वीज टिकत नाही, पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी रिमोट उचलतोच.

येण्या-जाण्याचा सर्व्हे पाठवला तर निम्म्या लोकांनी भरलाच नाही. म्हणून आठवडाभर सकाळी साडेनऊला मी वॉचमनशेजारी उभी राहून गाड्या मोजल्या. कोथरूडहून खराडीला येऊन-जाऊन ३५ किलोमीटर धरा. पन्नासचं ॲव्हरेज देणारी दुचाकी दीड किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडते, एकट्यानं आणलेली कार पावणेसहा किलोच्या आसपास. मार्च २०२४ मध्ये मेट्रो कोथरूडच्या वनाजपासून रामवाडीपर्यंत पूर्ण झाली. पण रामवाडीहून पुढे खराडीला रिक्षा मिळवण्यात लोकांचा जीव जायचा. आम्ही तिथून सकाळ-संध्याकाळ एक शटल सुरू केली आणि कोथरूड-डेक्कनकडचे बरेच जण मेट्रोनं यायला लागले. शटलसाठी कंपनीत कार्बनचा मुद्दा चालला नाही, पार्किंगच्या भाड्याचा चालला. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

भाड्याच्या ऑफिसात एक मूळ दुखणं कायम असतं. एसी प्लांट मालकाचा, बिल भाडेकरूचं. जुना प्लांट बदलायचा खर्च ज्यानं करायचा त्याला बचतीतलं काहीच मिळत नाही. यावर उपाय भाडेकरार नव्यानं होताना करायचा, मधे काही होत नाही. म्हणून तुमच्या करारांच्या तारखा माहीत करून घ्या आणि वर्षभर आधी ॲडमिनच्या मागे लागा.

हवामान बदलामुळे कंपनीला असलेली जोखीम मोजायचं काम माझ्याकडे नंतर आलं. ते जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. ही जोखीम कंपनीनं कशी सांगायची याची टीसीएफडी या आंतरराष्ट्रीय गटानं २०१७ मध्ये घालून दिलेली चौकट आता आयएफआरएस एस २ या आंतरराष्ट्रीय मानकात आली आहे. त्यात दोन मोठे गट आहेत. एक भौतिक जोखीम: पूर, उष्णतेची लाट, पाणीटंचाई. दुसरी संक्रमणाची: कायदे, ग्राहक, तंत्रज्ञान बदलल्यामुळे येणारी. दुसरी समजून घ्यायची तर चाकण-भोसरीत जा. युरोपच्या सीबॅम नियमात (आयात मालाच्या कार्बनवर शुल्क लावणाऱ्या) पोलादाच्या नट-बोल्टसारख्या वस्तूही येतात, त्यामुळे तिथले छोटे कारखानदारसुद्धा आता भट्टीच्या उत्सर्जनाचा हिशोब लावायला शिकताहेत. नवख्यांना आज तिथे खूप काम आहे.

भौतिक जोखमीसाठी आमच्याकडे एका सल्लागारांचा नकाशा आला होता. जागतिक हवामान मॉडेलमधून काढलेला, अख्खं पुणे एकाच रंगात. या मॉडेलांचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो, त्यात कात्रजचा घाट आणि खराडी एकत्रच येतात. दीर्घ काळाचा कल समजायला ती मॉडेलं हवीतच. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०२० मध्ये आलेल्या अहवालात १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढल्याचं दिलं आहे. पण पाणी कुठल्या गल्लीत शिरेल ते पुण्यात ओढा सांगतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर-सहकारनगरच्या बाजूला काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. २५ जुलै २०२४ ला पहाटे मुठेचं पाणी सिंहगड रोडवर एकतानगरीत शिरलं. त्या दिवशी आमचं सहाव्या मजल्यावरचं ऑफिस कोरडं ठणठणीत होतं आणि आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये पुराच्या रकान्यात 'कमी' लिहिलेलं होतं. ते मीच लिहिलं होतं. पण सकाळी मजल्यावर माणसं नव्हती. मग मी कर्मचाऱ्यांचे नुसते पिनकोड घेतले, नावं नाहीत, आणि नकाशावर ठिपके मांडले. मोठा झुबका सिंहगड रोडवर होता.

त्या नकाशात सगळ्यात जास्त सोसलेली माणसं मात्र नव्हतीच. आमच्या हाउसकीपिंगच्या तीन मावशी नाल्याच्या कडेच्या वस्तीत राहतात. त्या कंत्राटदाराच्या पटावर, म्हणून आमच्या यादीत नाहीत. एका मावशींच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, आणि तिसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या कारण खाडा परवडत नव्हता. आमच्या धोरणात 'कर्मचाऱ्यांना वर्क फ्रॉम होम' असं लिहिलेलं होतं. झाडू-पोछा घरून होत नाही. मी भांडून दोन गोष्टी करून घेतल्या: पुराच्या दिवसांचा खाडा कंत्राटदारानं कापायचा नाही आणि त्याचे पैसे आम्ही भरायचे. तुम्ही जोखमीची यादी कराल तेव्हा पगारपत्रकावर थांबू नका, गेटवरचं रजिस्टर मागा.

आता शिकण्याबद्दल. जीएचजी प्रोटोकॉलची मानकं नेटवर फुकट आहेत, आधी ती वाचा. इंजिनिअर असाल तर ऊर्जा दक्षता ब्युरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा द्या, तिला कारखान्यात मान आहे. पर्यावरणशास्त्राच्या मुलांनी एक्सेल पक्कं करावं, त्यांची अडचण बहुधा तिथेच होते. कॉमर्सवाल्यांनी अजिबात बिचकू नये. बीआरएसआर कोअरची, म्हणजे त्या अहवालातल्या निवडक आकड्यांची तपासणी २०२३-२४ पासून पहिल्या १५० कंपन्यांना लागू झाली, आणि तपासणीत पुरावे, व्हाउचर, वर्षाची सीमा हेच बघतात, जे आपल्याला येतं. महागडं प्रमाणपत्र घेण्याआधी स्वतःच्या सोसायटीचा एका वर्षाचा हिशोब करा: कॉमन मीटर, पंप, लिफ्ट, जनरेटर. मुलाखतीला ती शीट घेऊन आलेल्या दोघांना मी घेतलं आहे. आणि इंग्रजी अहवाल लिहायला लागतो हे खरं, पण पॅनेल रूममध्ये मराठीच चालते. मामांशी नीट बोलता आलं नाही तर वरचा अहवाल कितीही सुंदर असला तरी आतला आकडा चुकलेला असेल.

आमचं एक काम अजून राहिलं आहे. बिल्डिंगचं मुख्य पॅनेल आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर वळवणारी चेंजओव्हर यंत्रणा दोन्ही तळघरात आहेत, पार्किंगच्या उतारावरून येणारं पाणी सरळ त्यांच्यासमोर जातं. वर आणायला मालक तयार नाही. मी तीन पत्रं दिली, चौथं आमच्या इन्शुरन्स कंपनीकडून जाईल असं बघते आहे. तोवर उताराच्या तोंडाशी वीतभर उंचवटा बांधून घेतलाय आणि पाणी उपसायचा दुसरा पंप आणलाय. जूनच्या पहिल्या आठवड्यात मामा तो पाणी टाकून चालवून बघणार आहेत, मीही जाणार आहे.