सेन्सिटिव्ह स्किनसाठी घरी साबण करायचाय? आधी काय टाकायचं नाही ते बघा

अंघोळ झाली की ज्यांची कातडी ओढल्यासारखी होते, पोटऱ्यांना खाज सुटते, त्यांना 'हर्बल साबण वापर' हा सल्ला सगळेच देतात. पण बाजारातल्या बऱ्याच हर्बल साबणांत सुगंध भरपूर असतो आणि नाजूक त्वचेला अनेकदा त्रास होतो तो त्या सुगंधाचाच. घरी साबण करायचा खरा फायदा इथे आहे, की नको ते सगळं आपण बाहेर ठेवू शकतो. दहा वनस्पती घातल्या म्हणून साबण सौम्य होत नाही, तेलं नीट निवडली, थोडं तेल मुद्दाम शिल्लक ठेवलं आणि साबण पुरेसा मुरू दिला की तो सौम्य होतो.

अजून एक गोष्ट आधीच सांगते. कॉस्टिक सोड्याशिवाय साबणवडी होत नाही. 'नो केमिकल' म्हणून जो मेल्ट अँड पोअर बेस (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) मिळतो तोही कॉस्टिक वापरूनच बनलेला असतो. तेल आणि कॉस्टिक यांची रिॲक्शन होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, प्रमाण बरोबर असेल तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) मात्र ९ ते १०च्या आसपास राहणार आणि आपल्या त्वचेचा ५च्या जवळ असतो, त्यामुळे पीएच ५.५ वाला घरगुती साबण असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एक्झिमा असेल, त्वचा फुटलेली असेल किंवा घरात तान्हं बाळ असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा, तिथे हा साबण परस्पर लावू नका.

आता माप. ऑलिव्ह ऑइल ३०० ग्रॅम (पोमेस ग्रेडचं, म्हणजे चोथ्यातून काढलेलं, स्वस्त पडतं, तेही चालतं), खोबरेल १५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ६८ ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. खोबरेलाने फेस येतो आणि वडी घट्ट होते, पण ते जास्त झालं की साबण त्वचा कोरडी करतो, म्हणून ३० टक्क्यांवर थांबायचं. या मापात साधारण ८ टक्के तेल साबण न होता तसंच राहतं, अंगाला मऊपणा त्याचाच. सगळं, पाणीसुद्धा, ग्रॅममध्ये डिजिटल काट्यावर मोजा, वाटी-चमच्याचा अंदाज इथे अजिबात नको. आणि ऑलिव्हऐवजी दुसरं तेल घ्यायचं असेल तर कॉस्टिकचं माप बदलतं, प्रत्येक तेलाला वेगळं लागतं, ऑनलाइन लाय कॅल्क्युलेटरमध्ये (लाय म्हणजे कॉस्टिक) टाकून नवीन आकडा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉस्टिक केमिकलच्या दुकानातून शुद्ध घ्या, मोरी साफ करायची पावडर नको, तिच्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असू शकतात. पाणी बोअरचं नको, डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्या.

औषधी भाग तेलातून आणायचा. कडुलिंबाची पानं सावलीत पूर्ण वाळवा, हातात चुरली की कुरकुर वाजली पाहिजेत, कारण ओलसर राहिली तर तेल खराब होतं. दोन मुठी पानं आणि ज्येष्ठमधाच्या दोन-तीन काड्या ठेचून ३५० ग्रॅम ऑलिव्ह ऑइलमध्ये घाला आणि भांडं गरम पाण्याच्या टोपात ठेवून मंद आचेवर दोन-तीन तास राहू द्या. मग सुती कापडातून गाळा आणि त्यातलं ३०० ग्रॅम मोजून घ्या, पानं थोडं तेल पितात म्हणून ५० ग्रॅम जास्तीचं धरलंय. साबणात हिरवा रंग टिकत नाही, मातकट होतो, ते नॉर्मल आहे.

हळद घालायचा मोह सगळ्यांना होतो. हळद अल्कलीत, म्हणजे कॉस्टिकसारख्या पदार्थात, गेली की तांबडी होते, आपल्याकडे हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर, तेव्हा पिवळी वडी विसरा. लिंबाचा रस कॉस्टिकचं गणित बिघडवतो, तोही नको. आणि परदेशी रेसिपीत मॅरीगोल्ड म्हणून जे येतं ते बरेचदा कॅलेंडुला असतं, आपला दसऱ्याचा झेंडू ही वेगळी वनस्पती आहे, नाजूक त्वचेसाठी तो घालू नका. इसेन्शियल ऑइलसुद्धा नको, नैसर्गिक असलं तरी ते झोंबू शकतं. घालायचंच असेल तर एक टेबलस्पून ओट्स मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करून घाला, जाडसर राहिले तर अंगाला ओरखडतात.

करायला बसाल तेव्हा लहान मुलं आणि मांजर-कुत्री घरातल्या दुसऱ्या खोलीत. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी ग्लोव्हज, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडकी उघडी. भांडी स्टीलची, ॲल्युमिनियम अजिबात नाही, कॉस्टिक त्याला खातं आणि ज्वलनशील गॅस निघतो. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उकळी फुटून अंगावर उडतं. ढवळताना द्रावण इतकं तापतं की वाफ येते, तोंड लांब ठेवा. अंगावर उडालंच तर व्हिनेगर शोधत बसू नका, लगेच नळाखाली धरून १५-२० मिनिटं धुवा, आणि डोळ्यात गेलं तर धूत धूत डॉक्टर गाठा.

द्रावण आणि एकत्र केलेली तिन्ही तेलं ३५-४० डिग्रीला आली की द्रावण तेलात हळूहळू ओता आणि हँड ब्लेंडर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद करत फिरवा. मिश्रण आधी दुधी होतं, मग कस्टर्डसारखं दाटतं, ब्लेंडर उचलून थेंब पाडला की त्याची रेघ वर दिसत राहते, याला ट्रेस म्हणतात. ऑलिव्ह जास्त असल्यामुळे वेळ लागतो, घाई करू नका. ट्रेस आला की ओट्स घालून सिलिकॉन मोल्डमध्ये किंवा बटर पेपर लावलेल्या लाकडी खोक्यात ओता आणि वरून टॉवेल गुंडाळून ठेवा. दोन-तीन दिवसांनी बोटाने दाबून बघा (अजून ग्लोव्हज घालूनच), खळगा पडत नसेल तर वड्या कापा. ही भांडी आणि ब्लेंडर परत स्वयंपाकाला वापरू नका.

कापल्यावर वड्या जाळीवर सुट्या मांडून, उन्हापासून लांब, किमान सहा आठवडे मुरायला ठेवा, मधून मधून उलटा. या काळात पाणी उडून वडी घट्ट आणि सौम्य होते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की वड्यांना घाम फुटल्यासारखे थेंब येतात आणि वाळता वाळत नाहीत, म्हणून पहिला घाणा दिवाळीनंतर काढलेला बरा. वडीवर केशरी ठिपके दिसले आणि खवट वास आला तर ती कपड्यांना वापरा, अंगाला नको.

मुरल्यावर ओल्या फेसाला पीएच स्ट्रिप लावा, १०च्या वर जात असेल तर वापरू नका. मग कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून धुवा, असं दोन-तीन दिवस करा आणि लाली, खाज काहीच नसेल तरच अंगाला घ्या. चेहऱ्याला सगळ्यात शेवटी.