लिनक्सवर यूएसबी डोंगल चालत नाही? या चुका टाळा

सिम घालून नेट देणारा डोंगल लावला, कनेक्शनच्या यादीत काहीच आलं नाही, की बहुतेक जण ‘लिनक्स ड्रायव्हर’ शोधायला बसतात. पहिली चूक इथेच होते. हुआवे आणि झेडटीईच्या नेहमीच्या डोंगलांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आधीपासून असतात. आधी बघायचं ते एवढंच, की कॉम्प्युटरला हा डोंगल नेमका काय म्हणून दिसतोय.

टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही कमांड चालवा, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी येते. हुआवेच्या ओळीत १२डी१ हा कंपनीचा क्रमांक असतो आणि कोलनच्या पुढे उपकरणाचा. तिथे १४४६ किंवा १एफ०१ असेल, तर डोंगल अजून मोडेम झालेलाच नाही. विंडोजचं सॉफ्टवेअर आपोआप उघडावं म्हणून तो सीडी ड्राइव्ह बनून बसलाय. त्या सीडीतली सेटअप फाइल वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवण्याच्या भानगडीत पडू नका. डोंगलला सीडीवरून मोडेमवर आणणारं ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज टाका आणि डोंगल काढून परत लावा. सीडी गायब होते आणि पुढचा क्रमांक बदलतो. पॅकेज उतरवायलाच नेट नसेल, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळेल. उबुंटू किंवा मिंटवर त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोकांचे तासन्‌तास इथे जातात. डोंगल दोन जातींचे असतात. जुने डोंगल ‘टीटीवाययूएसबी०’ सारखे पोर्ट (मोडेमशी बोलायचे सिस्टिममधले मार्ग) देतात आणि त्यावर डायल करावं लागतं. हायलिंक जातीचे, म्हणजे ई३३७२चे बरेच नग, स्वतःच छोटे राउटर असतात. ते नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात, इंटरफेसचं नाव बहुधा ‘ईएनएक्स’ने सुरू होतं. त्यात पोर्ट शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि नेटवर्क मॅनेजरमध्ये (लिनक्समध्ये कनेक्शन सांभाळणारं सॉफ्टवेअर) मोबाइल ब्रॉडबँडचं कनेक्शन बनवूनही उपयोग नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडा, एपीएन (सिम कंपनीच्या नेटला जोडायचं नाव) आणि सिमचा पिन तिथेच भरायचा.

जुन्या जातीच्या डोंगलाला वेगळाच त्रास होतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे लेख वाचून लोक डायल करणारा जुना प्रोग्रॅम ‘डब्ल्यूव्हीडायल’ टाकतात, आणि तिकडे मोडेम सांभाळणारा ‘मोडेममॅनेजर’ आधीच चालू असतो. दोघंही एकाच पोर्टवर हक्क सांगतात, मग ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ येतं. दोघांपैकी एकच ठेवा. माझं मत विचाराल तर मोडेममॅनेजर ठेवा, कारण कुठे अडलंय ते तो सरळ सांगतो. डब्ल्यूव्हीडायलच हवा असेल, तर डेबियन-उबुंटूवर आपलं नाव ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये (मोडेमचा पोर्ट वापरायची परवानगी असलेला) घाला आणि लॉगआउट करून परत या. त्याशिवाय तो बदल लागू होत नाही.

मोडेममॅनेजरला विचारायचं असं: ‘एमएमसीएलआय’, मग डॅश आणि कॅपिटल एल. मोडेमचा नंबर कळतो. डोंगल काढून लावला की हा नंबर वाढतो, म्हणून दर वेळी बघून घ्या. मग डॅश, लहान एम आणि तो नंबर देऊन स्थिती वाचा. ‘लॉक्ड’ असेल तर सिमला पिन लागलेला आहे. अंदाजाने पिन टाकत बसू नका, तीन वेळा चुकला की पीयूके (सिम परत उघडायचा कंपनीचा कोड) मागतो. ‘रजिस्टर्ड’ दिसतं पण कनेक्शन जुळत नाही, तर आधी एपीएन तपासा. जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस.कॉम’, सगळी अक्षरं इंग्रजी, लहान लिपीतली, मागेपुढे स्पेस नको.

आणि ‘सर्चिंग’वरच अडकून राहिला, तर लिनक्सला दोष देण्याआधी डोंगलावरचा मॉडेल नंबर वाचा. ई१७३ सारखा ३जी डोंगल जिओच्या सिमवर कधीच चालणार नाही, कारण जिओकडे ३जी नेटवर्कच नाही. एअरटेलनेही ३जी बंद केलं आहे. कितीही सेटिंग बदला, इथे ४जी डोंगल घेण्यावाचून इलाज नाही. सेकंडहँड बाजारात ३जीचे डोंगल अजूनही स्वस्तात मिळतात, ते घेताना हे आवर्जून तपासा.

राहिला तो मध्येच तुटणारा डोंगल. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीएमईएसजी’ कमांडमध्ये ‘यूएसबी डिसकनेक्ट’ पुन्हा पुन्हा येत असेल, तर वीज कमी पडत असण्याची शक्यता मोठी. यूएसबी २चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, आणि सिग्नल कमजोर असताना डोंगल जास्त वीज ओढतो. अडॅप्टर नसलेला हब आणि बारीक एक्स्टेंशन वायर काढून टाका, डोंगल थेट मशीनच्या मागच्या पोर्टला लावून बघा. हब लागणारच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.