जुन्या कोरियन फाइली उघडताना या चुका टाळा

मजकुराऐवजी चौकोन दिसले की आपला हात आधी फॉन्टच्या यादीकडे जातो. श्रीलिपीच्या जमान्यातली ही सवय. कोरियनमध्ये ती सोडा; दोष बहुतेक वेळा एन्कोडिंगचा, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला आकडा हे ठरवणाऱ्या तक्त्याचा असतो.

सगळ्यात जास्त नडतं ते फाइलीवरच्या 'ईयूसी-केआर' (एक जुनं कोरियन एन्कोडिंग) या लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवणं. त्याचा पाया म्हणजे १९८७ चं केएस सी ५६०१ हे मानक. आरंभीची १९ व्यंजनं, २१ स्वर आणि शेवटाच्या २८ शक्यता (रिकामी जागा धरून) जुळवल्या की हंगुलची, म्हणजे कोरियन लिपीची, ११,१७२ अक्षरं होतात. मानकाने घेतली त्यातली २,३५०, आणि चिनी अक्षरं मात्र ४,८८८! १९९० मध्ये एमबीसी वाहिनीवर 'ट्टोमबांग गाक्हा' ही मालिका आली, तर तिच्या नावातलं पहिलंच अक्षर यादीत नाही.

विंडोज ९५ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने उरलेली ८,८२२ अक्षरं मोकळ्या जागांत कोंबली. हेच सीपी९४९. लेबल मात्र कित्येकदा जुनंच राहिलं. सीपी९४९ मध्ये 'ट्टोम'चे दोन बाइट (सोळा-अंकी पद्धतीने लिहिले तर) आहेत ८सी आणि ६३, आणि एकटा ६३ म्हणजे आस्कीतला, म्हणजे इंग्रजीच्या मूळ तक्त्यातला, रोमन 'सी'. कोरियन शब्दात प्रश्नचिन्हाला चिकटून असं एखादं रोमन अक्षर दिसलं, तर सीपी९४९ निवडून पुन्हा उघडा. ब्राउझर हे आपणहून करतात, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा करत नाही. तोवर 'सेव्ह' दाबू नका, नाहीतर ती प्रश्नचिन्हं कायमची. बाइटच्या क्रमाने यादीही लावू नका. मागाहून भरलेली अक्षरं वर्णक्रमात बसत नाहीत.

एरर आला नाही म्हणजे फाइल बरोबर वाचली, असंही नाही. डॉसच्या काळातल्या फाइली अनेकदा 'जोहाप'मध्ये असतात: वरचा एक बिट १, मग व्यंजन, स्वर, शेवट यांना प्रत्येकी ५ बिट. सगळी ११,१७२ अक्षरं आरामात मावतात. माझ्या मते रचना म्हणून हीच सरस होती. अशी फाइल सीपी९४९ म्हणून उघडली, तर अक्षरं उमटतात पण अर्थ लागत नाही. अशा वेळी विंडोजचं कोडपेज (एन्कोडिंगचा तक्ता) १३६१ वापरून बघा.

'युनिकोड (सगळ्या लिपींचा एकच तक्ता) आहे' एवढंही पुरत नाही. आवृत्ती १.१ मध्ये ६,६५६ हंगुल अक्षरं ३४०० या क्रमांकापासून (हाही सोळा-अंकी) होती. जुलै १९९६ च्या २.० ने ती उचलून एसी०० वर नेली, सगळी ११,१७२ भरली, आणि पुढे जुन्या जागी चिनी अक्षरं आली. त्यामुळे २.० च्या आधीच्या एखाद्या फाइलीत अनोळखी चिनी अक्षरांची रांग दिसली, तर भाषांतर करत बसण्याआधी तिची तारीख बघा.