रातांबे ओळखणारं मशीन पोरांकडून कसं बनवून घ्यायचं

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वेंगुर्ल्याकडच्या वाडीत पोरं मोकळीच असतात आणि झाडाखाली रातांब्यांचा (म्हणजे कोकमाच्या फळांचा) सडा पडलेला असतो, म्हणून एआय शिकवायला मी दुसरं काही शोधत बसलो नाही. रातांबा कॅमेऱ्यासमोर धरायचा, लॅपटॉपने कच्चा की पिकलेला ते सांगायचं आणि पुठ्ठ्याची फळी त्या बाजूला वळायची, एवढंच करायचंय. सातवी-आठवीच्या पोरांना दोन रविवार पुरतात.

सामान फार नाही. वेबकॅम असलेला लॅपटॉप, अर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्रामने मोटर वगैरे चालवणारं छोटं सर्किट), एसजी ९० हा छोटा सर्व्हो मोटर (सांगितलेल्या अंशावर वळून थांबतो तो), जोडणीसाठी जंपर वायरी, पुठ्ठा, फेव्हिकॉल. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगांची खोली) असेल तर यातलं बहुतेक कपाटात पडलेलं असतं, ही योजना २०१६ पासून आहे आणि सहावी ते बारावीच्या पोरांसाठीच आहे, तेव्हा बिनधास्त मागा.

पायरी १ : लॅपटॉप बंद ठेवा

पहिला तास नुसते रातांबे निवडायचे. प्रत्येक गटाला ३० रातांबे द्या, दोन ढीग करायला सांगा, आणि प्रत्येक फळ त्या ढिगात का गेलं ते वहीत लिहायला लावा. इथे खरी मजा येते, कारण अर्धवट लाल झालेल्या फळावरून हमखास भांडण होतं, एक म्हणतो पिकलाय, दुसरा म्हणतो अजून दोन दिवस लागतील. भांडू द्या त्यांना. मशीनला आपण जे शिकवणार ते शेवटी कोणीतरी माणसाने ठरवलेलं असतं हे त्यांना इथेच कळतं, नंतर कितीही समजावून ते तसं कळत नाही. आमच्याकडे एका पोराच्या आजीने येऊन प्रत्येक रातांबा अंगठ्याने दाबून बघितला. कॅमेऱ्याला दाबून बघता येत नाही, हेही वहीत लिहून घ्या.

पायरी २ : फोटो काढा, आणि इथे घाई नको

गुगलचं टीचेबल मशीन ब्राउझरमध्ये उघडा, ही फोटो दाखवून कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायची वेबसाइट आहे, शिकून जे तयार होतं त्याला मॉडेल म्हणतात. त्यात इमेज प्रोजेक्ट घ्या. तीन गट करा : कच्चा, पिकलेला, रिकामं. तिसरा गट लागतोच, कारण हे मॉडेल समोर काही नसलं तरी दिलेल्या गटांतच १०० टक्के वाटून टाकतं, "माहीत नाही" असं ते आपणहून म्हणत नाही. प्रत्येक गटाचे ७०-८० फोटो घ्या. सगळ्यात आधी १० कच्चे आणि १० पिकलेले रातांबे बाजूला काढून ठेवा, त्यांचा एकही फोटो घ्यायचा नाही, ते परीक्षेसाठी.

आमची पहिल्या वेळी काय चूक झाली ते सांगतो. पिकलेले सगळे लाल प्लास्टिकच्या घमेल्यात होते आणि कच्चे शेणाने सारवलेल्या खळ्यात, पोरांनी तिथल्या तिथेच फटाफट फोटो काढले. मॉडेल एकदम झकास चाललं, सगळे टाळ्या वाजवतायत, तेवढ्यात एका मुलीने रातांबे ओतून टाकले आणि नुसतं घमेलं कॅमेऱ्यासमोर धरलं. स्क्रीनवर पिकलेला, ९७ टक्के. ती ओरडलीच, "सर, ह्यां रिकाम्या घमेल्याक पण पिकलेलो म्हणता!" मॉडेलने रातांबा बघितलाच नव्हता, घमेलं पाठ केलं होतं. तेव्हापासून मी ही चूक मुद्दाम होऊ देतो आणि पोरांनाच शोधायला लावतो. मग दुरुस्ती : दोन्ही प्रकारचे रातांबे घमेल्यात, खळ्यात, सुपात, हातावर, उन्हात, पडवीतल्या सावलीत, सगळीकडे ठेवून फोटो काढायचे, आणि रिकामं घमेलं, रिकामं सूप, नुसता हात हे सगळं तिसऱ्या गटात टाकायचं.

पोरांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका. ट्रेनिंग आपल्याच लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये होतं हे खरं, तरी सवय लागलेली बरी.

पायरी ३ : ट्रेन करा आणि परीक्षा घ्या

सेटिंग आहे तसंच ठेवा, ५० इपॉक (सगळे फोटो ५० वेळा बघायचे) आणि १६ ची बॅच (एका वेळी १६ फोटो). ट्रेनिंग चालू असताना दुसऱ्या टॅबवर जाऊ नका, नाहीतर ते रखडतं. मग बाजूला ठेवलेले २० रातांबे एकेक करून दाखवा, वहीत तक्ता करा : खरं काय, मशीन काय म्हणालं, किती टक्के. चुकलेले रातांबे वेगळे ठेवा आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते पोरांना विचारा. डाग आहेत? सावली पडलीय? फोटो कुठले वाढवायचे ते तिथूनच कळतं.

पायरी ४ : फळी फिरवा

सर्व्होच्या तीन वायरी : तपकिरी ग्राउंडला, लाल ५ व्होल्टला, केशरी सिग्नलच्या पिनला, आम्ही ९ नंबरची घेतो. पिक्टोब्लॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवरचे ठोकळे जोडून प्रोग्राम करता येतो, टीचेबल मशीनचं मॉडेल त्यात लिंकने घेता येतं, आणि लॅपटॉप बोर्डाला यूएसबीने जोडलेलाच ठेवायचा. नियम साधा : पिकलेला ८० टक्क्यांच्या वर असेल तर ३० अंश, कच्चा ८० च्या वर असेल तर १५०, नाहीतर ९० वर थांब. थांबलेली फळी म्हणजे माणसाने हातात घेऊन बघायचं.

फळी जड झाली की सर्व्हो थरथरतो, बोर्ड मध्येच रीसेट होतो. तेव्हा सर्व्होला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या आणि दोन्हीकडचं ग्राउंड एकत्र जोडा, हे ग्राउंड जोडायचं हमखास राहून जातं.

चॅटबॉटला कधी विचारायचं

अडल्यावर, आणि वायरी स्वतः एकदा तपासून झाल्यावरच. अकाउंट शिक्षकाचं वापरा, चॅटजीपीटी तर १३ वर्षांखालच्या पोरांसाठी नाहीच. "प्रोग्राम लिहून दे" असं विचारू नका, असं विचारा : "उनोच्या ९ नंबर पिनला एसजी ९० आहे, फळी लावली की थरथरतो, काढली की नीट चालतो, तीन शक्य कारणं सांग आणि प्रत्येक कारण कसं तपासायचं ते सांग, पूर्ण कोड नको." मराठीतच टाईप करा, चालतं. उत्तर आलं की आधी पोरांनी अंदाज लिहायचा, मग करून बघायचं. एकदा चॅटबॉटने सर्व्होची लाल वायर ३.३ व्होल्टला लावायला सांगितली होती, एका पोराने सर्व्होच्या कागदावर ४.८ व्होल्ट वाचून दाखवलं. तो कागद फेकू नका, वहीत चिकटवून ठेवा.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जंपरच्या टोकांना लवकर हिरवा गंज चढतो, सगळं सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि लॅपटॉप आदल्या रात्रीच चार्ज करा, लाईटचा भरवसा नाही.

पिकलेले रातांबे त्याच संध्याकाळी फोडून सोलांसाठी वाळत घाला, वाया घालवू नका. कच्च्यातले पाच-सहा मात्र नंबर टाकून ठेवून द्या. पुढच्या रविवारी तेच रातांबे परत कॅमेऱ्यासमोर धरायचे, आणि त्याआधी प्रत्येक पोराने वहीत लिहायचं, नंबर ४ ला आज मशीन काय म्हणेल.