जुन्या ध्वनिमुद्रणांतून गोव्याचा इतिहास कसा ऐकावा

रेडिओच्या संग्रहातून एखाद्या प्रदेशाचा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर प्रथम प्रदेश, काळ आणि एकच प्रश्न निश्चित करावा. उदाहरणादाखल १९५५ ते १९६१ या काळातील गोवा घेऊ, कारण तेथे एकाच वेळी परस्परविरोधी दोन आवाज ऐकू येत होते: पोर्तुगीज सरकारचे ‘एमिसोरा दि गोवा’ हे केंद्र आणि त्याला उत्तर देणारे भूमिगत केंद्र.

दुसरी पायरी म्हणजे प्रक्षेपक कोणाच्या हाती होता, याचा शोध घेणे. ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ या नावाचे भूमिगत केंद्र वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवले. त्याचे प्रसारण २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू झाले. १५१० साली याच तारखेला पोर्तुगीज सेनानी आफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकला होता, त्यामुळे दिवसाची निवड हेच एक विधान होते. प्रसारण कोकणी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत होई. कोकणी सामान्य गोमंतकीयांसाठी असणार. पोर्तुगीज मात्र राज्यकर्ते आणि त्यांचे सैनिक यांनाही कळणारी होती. कोणतेही ध्वनिमुद्रण ऐकताना ‘हे कोणाला उद्देशून आहे?’ असे विचारण्याची सवय येथूनच लावावी.

यानंतर नकाशा उघडावा. हे केंद्र आधी आंबोलीच्या जंगलात आणि पुढे कॅसलरॉकजवळ होते. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीत, गोव्याच्या सीमेबाहेर पण तिच्या अगदी जवळ आहेत. ती नकाशावर पाहिली की सीमेपलीकडून गोव्याशी बोलण्याची ही व्यवस्था चटकन ध्यानात येते.

शोध घेताना एकाच नावावर अवलंबून राहू नये. भूमिगत केंद्राचे ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे कोकणी नाव देवनागरीत आणि रोमी लिपीत निरनिराळ्या वर्णलेखनाने शोधावे. ‘व्होझ द लिबेर्दाद’ हे त्याचे पोर्तुगीज नावही वापरावे. प्रसार भारतीच्या संग्रहाची यूट्यूब वाहिनी चाळावी आणि लिबिया लोबो-सरदेसाई यांच्या मुलाखती अवश्य ऐकाव्यात.

सर्वांत अधिक वेळ पडताळणीला द्यावा. मूळ प्रसारण आणि अनेक दशकांनंतरची मुलाखत या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. पहिलीत त्या दिवसाची भीती आणि प्रचार असतो, तर दुसरीत पुढे काय झाले याचे ज्ञान नकळत मिसळलेले असते. म्हणून नोंदवहीत घटनेची तारीख आणि मुद्रणाची तारीख असे स्वतंत्र रकाने ठेवावेत. गोवामुक्तीची घोषणा विमानातून ध्वनिक्षेपकाद्वारे झाल्याची आठवण ऐकली, तर १९ डिसेंबर १९६१च्या आसपासची वृत्तपत्रे ग्रंथालयात काढून पाहावीत. १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलाने गोव्यातील बांबोळी येथील पोर्तुगिजांच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला होता. शत्रूचा आवाज बंद करण्याला किती महत्त्व होते, हे त्यावरून समजते.

संस्कृती शोधणाऱ्याने केवळ बातम्यांवर थांबू नये. कोकणी नाटके, मांडो आणि भजने यांची मुद्रणेही ऐकावीत. मराठी श्रोत्याला कोकणी बरीचशी कळते, आणि नेमका तेथेच तो घाई करतो. १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला होता, हे लक्षात ठेवून आपल्या सोयीचा अर्थ काढण्याआधी अडलेला शब्द एखाद्या गोमंतकीयाला विचारावा.

शेवटी प्रत्येक नोंदीत दुवा, वाहिनीचे नाव आणि महत्त्वाच्या वाक्याची मिनिटे-सेकंद लिहून ठेवावेत, कारण दुवे अनेकदा काढून टाकले जातात आणि तसे झाल्यास तेच मुद्रण पुन्हा शोधण्यासाठी एवढाच तपशील हाताशी उरतो.