दुबईत पाहुणे पक्षी बघायचे असतील तर आधी भरती-ओहोटी बघा

दुबईतले बरेच मराठी लोक रास अल खोरच्या पक्षी अभयारण्यात एकदा तरी जाऊन आलेले असतात, पोरांना फ्लेमिंगो दाखवले, मागे उंच बिल्डिंगा येतील असा फोटो काढला आणि वीस मिनिटांत गाडी परत. मला याची खरंच हळहळ वाटते, कारण फ्लेमिंगोच्या पायाशी त्याच चिखलात सायबेरियातून, मध्य आशियातून आलेले छोटे छोटे पक्षी शेकड्याने चरत असतात आणि तिकडे कोणी बघतच नाही. म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

सीझन आधी. नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात भरवशाचा. पण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत आफ्रिकेकडे निघालेले पक्षी थांबा घेतात आणि मार्च-एप्रिलला परतीचे, तेव्हा काय येईल सांगता येत नाही म्हणून मला स्वतःला तोच काळ जास्त आवडतो. जून-जुलैत माणसाने जाऊ नये, ऊन सोसत नाही.

रास अल खोर म्हणजे दुबई क्रीकचं, म्हणजे शहरात शिरलेल्या खाडीचं, शेवटचं टोक, साधारण सहा चौरस किलोमीटरचा पट्टा, 1985 पासून संरक्षित आणि 2007 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची पाणथळ जागा. आत फिरता येत नाही, फक्त हाइडमधून बघायचं. हाइड म्हणजे लाकडी निरीक्षण-खोपटं, फ्लेमिंगो हाइड आणि मॅन्ग्रोव्ह हाइड ही दोन नेहमीची. हायवेला अगदी लागून आहेत त्यामुळे वळण पटकन हुकतं, मॅपवर नीट पिन लावूनच निघा. मेट्रोने सोयीचं नाही, टॅक्सी नाहीतर स्वतःची गाडी. उघडण्या-मिटण्याच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात आणि मधूनच एखादी हाइड बंद असते, सकाळी निघायच्या आधी तपासाच.

आता मुख्य मुद्दा, भरती-ओहोटी. क्रीकच्या टोकाचा हा सगळा चिखल समुद्राच्या पाण्यावर चालतो. पूर्ण ओहोटीला चिखल लांबपर्यंत उघडा पडतो आणि पक्षी दूर दूर पांगतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, मग छोटे पक्षी कुठेतरी कोरड्यावर पंखात चोच खुपसून झोपतात. बघायची वेळ मधली, पाणी चढत असतं तेव्हा, कारण पाणी पुढे सरकतं तसे पक्षी चरत चरत काठाकडे, म्हणजे आपल्याकडे ढकलले जातात. कुठल्याही टाइड ॲपवर दुबईची वेळ मिळते, पण ती मोकळ्या किनाऱ्याची असते, क्रीकच्या टोकाला पाणी पोचायला उशीर लागतो तेवढी सवलत धरा. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते म्हणून गेल्या शनिवारी जमलं तीच वेळ या शनिवारी जमेल असं नाही. आणि सूर्य पाठीशी ठेवा, समोरून ऊन असेल तर सगळे पक्षी काळे दिसतात आणि पायांचा रंग कळत नाही, या पक्ष्यांत तर अर्धी ओळख पायांवरच आहे. सकाळ उतरली की चिखलावर हवा थरथरायला लागते आणि महागड्या स्कोपमधूनसुद्धा (स्टँडवरची एका डोळ्याने बघायची दुर्बीण) चित्र हलतं, त्यामुळे दुपार कलल्यावरची चढती भरती मिळाली तर ती सोडू नका.

दुर्बीण आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची, पुरते. मोठ्या झूमच्या मागे लागू नका, हातात हलते. हाइडमध्ये स्कोप असेल तर मात्र वापरा.

बसल्यावर आधी फ्लेमिंगो मनसोक्त बघून घ्या, ती घाई नको. शिवडी-ऐरोलीला आपण जे प्रचंड थवे बघतो त्यात बहुतेक लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) असतात, इथे मात्र मोठा रोहित, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. करडे, मळकट दिसणारे आहेत ती पिल्लं, आजारी नाहीत. एकाच पक्ष्यावर दुर्बीण धरून ठेवा, तो जागच्या जागी पाय आपटत गोल फिरतो, चिखल ढवळतो आणि चोच उलटी करून पाणी गाळतो. हे पाच मिनिटं बघितलं की मग त्याच्या आजूबाजूला बघा.

छोट्यांसाठी माझी पद्धत अशी की आधी चाल बघायची, रंग नंतर. पळतो, थांबतो, टोच मारतो, परत पळतो तो चिखल्या. शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच भराभर वरखाली चालवतो तो टिलवा किंवा तुतारी. लांब गुलाबी पाय आणि काळे-पांढरे कपडे तो शेकाट्या, हा लगेच येतो. पोटापर्यंतच्या पाण्यात उभं राहून लांब सरळ चोच खुपसून चरतो तो मालगुजा. आणि रास अल खोरला जगभरातले बर्डर ज्याच्यासाठी येतात तो ब्रॉड-बिल्ड सँडपायपर, टिलव्यापेक्षा थोडा मोठा, चोच टोकाशी एकदम खाली वाकलेली आणि डोळ्यावर एक नाही तर दोन पांढऱ्या भुवया. तो सापडायला वेळ लागतो. टिलव्यांच्या घोळक्यात एकेक डोकं बघत जायचं, दुसरा उपाय नाही.

मधेच सगळे पक्षी एकदम उडाले तर खाली बघत बसू नका, वर बघा. हिवाळ्यात इथे मोठा ठिपकेदार गरुड असतो, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी असतो, मासे मारणारा कैकर असतो. गरुड बहुतेक वेळा तिवरांच्या शेंड्यावर बसलेला सापडतो. हो, तिवरच, कोकणातल्या खाडीत असतं तेच झाड, इथे लावून वाढवलंय.

दुसरी जागा अल कुद्रा, अल मरमूमच्या वाळवंटात खोदून केलेले तलाव. तिथे भरती-ओहोटीचा प्रश्न नाही, उजाडताना पोचायचं एवढंच, गाडी लागतेच. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही हिवाळी बदकं, पांढऱ्या शेपटीची टिटवी, पिवळेधमक लांब पाय असतात तिचे. पण हंस आणि इजिप्शियन गूज दिसले की स्थलांतरित म्हणून लिस्टमध्ये टाकू नका, ते माणसाने आणलेले किंवा त्यांच्याच पुढच्या पिढ्या आहेत. वीकेंडला तिथे बार्बेक्यू आणि स्पीकर चालू होतात तेव्हा आठच्या आत बघून संपवा. काठावरच्या वाळूत गाडी घालू नका प्लीज, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात.

अबू धाबीचं अल वथबा वेळ काढून करा. 1998 पासून राखीव, 2013 पासून रामसर, आणि तिथे फ्लेमिंगो पिल्लंसुद्धा काढतात कारण खारट पाण्यात आर्टेमिया नावाचे कोळंबीचे बारीक भाईबंद भरपूर आहेत. ठराविक दिवशीच उघडं असतं. क्रॅब प्लोव्हर, म्हणजे खेकडे खाणारा काळा-पांढरा किनारपक्षी, बघायचा असेल तर उम्म अल क्वैनची खाडी.

पोरं बरोबर असतील तर त्यांना एकच काम द्या, पक्ष्यांच्या पायात अभ्यासक ओळखीसाठी घालतात त्या रिंगा शोधायच्या. रंगीत रिंग दिसली तर डावा पाय की उजवा, रंग कुठला, अक्षरं-आकडे काय ते लिहून घ्या आणि जमला तर फोटो, मग ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदीत टाका आणि रिंग लावणाऱ्या प्रकल्पाला कळवा. उत्तर यायला कधी कधी महिने लागतात पण तो पक्षी कुठे पकडला होता ते कळतं. ड्रोन मात्र नेऊ नका, परवानगीशिवाय चालत नाही आणि अख्खा थवा उडतो.